ल्युसिल बॉल: मोठी नटी की मोठी मालकीण?

पडदावेडी:
अमेरिकन विनोदी नटी ल्युसिल बॉलचं नाव निघालं की हल्ली तिच्या स्टुडिओबद्दलच बोललं जातं. 'स्टार ट्रेक' या अंतराळावरच्या टीव्ही मालिकेच्या मागे उभी राहिलेली बाई, एवढीच ओळख. ते खरं आहे, पण त्या नादात तिचा अभिनय बाजूला पडतो आणि मला ते फार लागतं. तिच्या 'आय लव्ह लुसी' या विनोदी टीव्ही मालिकेतला १९५२चा चॉकलेट कारखान्याचा भाग आठवा. लुसी, म्हणजे ल्युसिलचं पात्र, आणि तिची मैत्रीण एथेल सरकत्या पट्ट्यासमोर उभ्या. एक जरी चॉकलेट कागदाविना पुढे गेलं तरी नोकरी गेली. पट्ट्याचा वेग वाढतो तशी लुसी चॉकलेटं तोंडात कोंबते, टोपीत दडवते, कपड्याच्या गळ्यातून आत टाकते. देखरेख करणारी बाई येते, रिकामा पट्टा बघून खूश होते आणि वेग अजून वाढवायला सांगते. लुसीचे गाल टम्म, तोंडातून शब्द फुटत नाही, सगळं डोळ्यांनी सांगायचं. हे करणारी नटी आधी, मालकीण नंतर.

जुनी_रिळं:
डोळे कबूल, ताई. पण ते आज आपल्याला दिसतात कशामुळे? तेव्हाच्या बहुतेक मालिका न्यूयॉर्कहून थेट प्रक्षेपित व्हायच्या आणि दूरच्या शहरांत पडद्यावरून टिपलेली अंधुक नक्कल पोचायची. ल्युसिल आणि तिचा नवरा डेझी आर्नाझ यांनी हॉलिवुडमध्येच राहायचं ठरवलं. प्रेक्षक समोर बसवून, तीन कॅमेऱ्यांनी, ३५ मिमी फिल्मवर चित्रीकरण. खर्च वाढला तेव्हा मानधन कमी घेतलं आणि बदल्यात भागांची मालकी स्वतःकडे ठेवली. आधी दाखवलेला भाग पुन्हा दाखवून पैसे मिळतात, हे टीव्हीच्या धंद्याला या मालिकेने शिकवलं. विनोदी नट्या आणखीही होत्या. स्टुडिओ किती जणींनी घेतला? १९३०च्या दशकात आरकेओ या हॉलिवुडच्या चित्रपट कंपनीत ती किरकोळ भूमिका करायची. १९५७मध्ये त्याच आरकेओच्या जागा त्यांच्या डेझिलू कंपनीने विकत घेतल्या!

खिडकीपाशी:
मग श्रेय डेझीला द्या ना. मालकीचा सौदा त्याने जमवला. बाईच्या पदरात सगळं टाकताना तो क्युबन माणूस आपण विसरतो, हे बरं नाही.

जुनी_रिळं:
१९५१च्या सौद्याचं श्रेय त्याचंच. पण १९६०मध्ये घटस्फोट झाला, १९६२मध्ये तिने त्याचा हिस्सा विकत घेतला आणि कंपनीची प्रमुख झाली. 'स्टार ट्रेक'चा पहिला नमुना भाग वाहिनीने नाकारला होता. कंपनीतलेच लोक खर्चाला घाबरत होते, तरी तिने ते काम सोडलं नाही. १९६७मध्ये कंपनी १ कोटी ७० लाख डॉलरला विकली. ही पाच वर्षं तिची स्वतःची आहेत.

सांजवारा:
मी पडदावेडीच्या बाजूने. १९ जानेवारी १९५३ला लुसीच्या बाळंतपणाचा भाग लागला आणि त्याच दिवशी ल्युसिलला खरोखरच मुलगा झाला. पडद्यावर 'गरोदर' हा शब्दसुद्धा चालत नव्हता, आणि ही पोट घेऊन विनोद करत होती. सुमारे ४ कोटी ४० लाख लोकांनी तो भाग पाहिला. दुसऱ्या दिवशीच्या राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या शपथविधीलाही इतके प्रेक्षक नव्हते. ते ४ कोटी लोक कंपनीची कागदपत्रं बघायला बसले नव्हते.

जुनी_रिळं:
पण नुसत्या अभिनयावर सिनेमाने तिला काय दिलं? दोन दशकं राबून दुय्यम चित्रपटांची राणी एवढंच नाव. जागा हातात आली तेव्हा ती फुलली.

पडदावेडी:
दादा, जागा मिळाली म्हणून फुलली हे मान्य. पण फुलायला आत काही होतं ना! आणि डेझीचा विषय निघालाच आहे, तर त्याचंच ऐका. डिसेंबर १९८६मध्ये वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटर या कलासंस्थेने तिचा गौरव केला. डेझी काही दिवसांपूर्वीच गेला होता, त्याचं पत्र मंचावरून वाचलं गेलं. यशाचं नव्वद टक्के श्रेय लुसीला द्या आणि उरलेलं दहा टक्के आम्हा बाकीच्यांत वाटा, असं त्याने लिहिलं होतं. सौदा जमवणारा माणूस हे सांगतोय, आणि तेही घटस्फोटाला सव्वीस वर्षं उलटल्यावर.