शोका जमतं, जियुका जमेना

शेवंती: तोक्योत निशिकासाईला राहते. तीन वर्षं दर शनिवारी इकेबानाच्या, म्हणजे जपानी पुष्परचनेच्या, इकेनोबो शाळेच्या वर्गाला जातेय. शोका, म्हणजे ठरलेल्या मापांची रचना, आता हातात बसलंय. हारान या शोभेच्या झाडाचं लांब पान घेतलं की आधी पालथं-सुलटं करून बघायचं: मधल्या शिरेच्या कुठल्या बाजूला ते जास्त रुंद आहे? त्यावरून पान डावीकडे जाणार की उजवीकडे हे ठरतं. मग तीन मुख्य देठ: सर्वांत उंच शिन, त्याच्या दोन तृतीयांश सोए, एक तृतीयांश ताई. पाण्यातून सगळे देठ एकच देठ असल्यासारखे वर आले की फार बरं वाटतं.

आता सेन्सेई (आमचे गुरू) म्हणतात, जियुका कर, म्हणजे मुक्त रचना. माप नाही, नियम नाही. मागच्या शनिवारी पाच हारान आणि तीन अँथुरियम घेऊन दीड तास बसले. झालं काय, तर कललेलं शोका! सेन्सेईंनी काही न बोलता एकेक काढत नेलं. एक पान, एक फूल उरलं आणि तेच सुंदर दिसत होतं. घरी येऊन रडले. सुरुवात कुठून करतात?

आडवी फांदी: मी सोगेत्सु या इकेबानाच्या दुसऱ्या शाळेची. सोफू तेशिगाहारांनी १९२७ मध्ये ही शाळा काढली ती ठरीव साच्यातून बाहेर पडायला. तरी आमचा पहिला धडा मोजूनमापूनच असतो: शिन १५ अंश कललेला, सोए ४५, हिकाए (आमचा तिसरा मुख्य देठ) ७५. तेव्हा तुझी तीन वर्षं मुळीच वाया गेलेली नाहीत.

आठवडाभर फुलं आणूच नकोस. एकच हारान घे. शोकात आपण पानाचा स्वभाव जपतो. इथे ते फाड, गुंडाळ, देठ पानातूनच ओवून बघ. शिरा समांतर असल्यामुळे ते सरळ रेघेत फाटतं. त्या रेघा मोकळ्या झाल्या की पुढचं सुचतं, माझा अनुभव आहे.

पोफळीखाली: रत्नागिरीहून. मी पोफळीची वाळून पडलेली विरी (झावळीच्या बुडाचं रुंद आवरण) वापरते. तिचा बाक आयता असतो, आपण फक्त तो कुठे बघतोय ते ओळखायचं. आणि हो, देठ पाण्याखालीच काप, घाईत विसरायला होतं.

शेवंती: काल एकच पान घेतलं. चार पट्ट्या फाडल्या. तिसरी आपोआप खाली वळली आणि तिचं टोक पाण्याला टेकलं. तिथेच थांबले. शनिवारी हेच नेऊन दाखवते.