मदत हवी आहे: ऑक्सिजन-न्यून थरात विंकलरचा आकडा सेन्सरपेक्षा जास्त का येतो?

खाजण
पीएचडीसाठी समुद्रातल्या ऑक्सिजन-न्यून थराचे (जिथे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन फार कमी असतो) नमुने तपासते आहे. पृष्ठभागाजवळ, २०० मायक्रोमोल प्रति लिटरच्या आसपास, सीटीडीवरचा (खोलीनुसार क्षारता व तापमान मोजणाऱ्या उपकरणावरचा) ऑक्सिजन सेन्सर आणि विंकलर टायट्रेशन (ऑक्सिजनच्या प्रमाणात सुटलेले आयोडीन थायोसल्फेटने मोजायची पद्धत) छान जुळतात. ३०० मीटरवर सेन्सर २ दाखवतो, विंकलर मात्र ६ ते ९. एकाच निस्किनमधून (खोलीवर बंद होणाऱ्या पाणी-नमुन्याच्या बाटलीतून) काढलेल्या दोन बाटल्यांतही ३ पर्यंत फरक येतो. बाटल्या १२५ मिलीच्या, थायोसल्फेट ०.०१ नॉर्मल, ब्युरेट हाताची. अल्कलाइन आयोडाइडमध्ये अझाइड (नायट्राइटचा अडथळा घालवणारे रसायन) नाही. सरासरी फरक सगळ्या खोल नमुन्यांतून वजा केला तर चालेल का?

भरतीरेषा
वजाबाकी करू नका. तसे केले तर विंकलरने सेन्सर तपासायचा की सेन्सरने विंकलर, हेच उरत नाही. आधी फरकाचा हिशेब लावा.

रिएजंटमध्येच (नमुन्यात घालायच्या रसायनांतच) ऑक्सिजन विरघळलेला असतो. मँगनीजचे द्रावण १ मिली आणि अल्कलाइन आयोडाइड १ मिली मिळून तो साधारण ०.०७६ मायक्रोमोल धरतात. १२५ मिलीच्या बाटलीत हे ०.६ मायक्रोमोल प्रति लिटर होतात. २०० मध्ये ते दिसत नाहीत, २ मध्ये दिसतात. ही दुरुस्ती गणितात आहे का ते बघा.

दुसरे ब्युरेट. ०.०५ मिलीची चूक म्हणजे तुमच्या मांडणीत १ मायक्रोमोल प्रति लिटर. ५ मायक्रोमोलच्या नमुन्याला सगळे मिळून जेमतेम ०.२५ मिली थायोसल्फेट लागते. खोल नमुन्यांसाठी पिस्टन ब्युरेट मागून घ्याच.

तिसरे नायट्राइट. अरबी समुद्रासारख्या ठिकाणी या थरात ते साचलेले असते. आम्ल घातल्यावर ते आयोडाइडपासून आयोडीन सोडवते आणि टायट्रेशनला तो ऑक्सिजनच वाटतो. ४ मायक्रोमोल नायट्राइट म्हणजे किमान १ मायक्रोमोल खोटा ऑक्सिजन. किमान म्हणायचे कारण, तयार होणारा नायट्रिक ऑक्साइड हवेशी भेटला की पुन्हा तेच चक्र सुरू होते.

पण रिएजंट आणि नायट्राइट दोन्ही बाटल्यांना सारखेच वाढवतील. जोडीत ३ चा फरक पडतो, त्यातला काही ब्युरेटचा असेल, बाकी माझ्या मते हवेचा.

शिंपला
हवेबद्दल पूर्ण सहमत. ०.१ मिली हवेचा बुडबुडा, म्हणजे अंदाजे ६ मिमी व्यासाचा, पूर्ण विरघळला तर १२५ मिलीत जवळजवळ ७ मायक्रोमोल प्रति लिटर वाढतात. तुमचा सगळा फरक एवढ्यात बसतो.

निस्किन डेकवर आली की पहिले पाणी ऑक्सिजनचे. पोषकद्रव्ये, क्षारता, क्लोरोफिल नंतर. सामायिक मोहिमेत यावरूनच ओढाताण होते, त्यामुळे क्रम आधी ठरवून कागदावर लावून ठेवा. दुसऱ्या गटाने आधी दोन लिटर काढले असतील, तर तेवढी हवा वरून आत शिरलेली असते. वरचा व्हेंट उघडण्याआधी खालचा नळ उघडून बघा; पाणी वाहत राहिले तर बाटली गळते आहे, तशी नोंद करा.

सिलिकॉन नळी पाण्याने भरून, चिमटीत दाबत बुडबुडे काढा. नळीचे टोक बाटलीच्या तळाशी टेकवून हळू भरा आणि निदान तीन बाटल्यांएवढे पाणी ओसंडू द्या. त्याच वेळी तापमान नोंदवा. डिस्पेन्सरचा पहिला दाब बाहेर टाका, कारण टोकात हवा अडकलेली असते. हे सगळ्यांत जास्त विसरले जाते. टोक पाण्याखाली बुडवून आधी मँगनीज, मग अल्कलाइन आयोडाइड सोडा. बूच तिरके धरून बसवा, उलटसुलट करून अर्धा मिनिट जोरात हलवा, तयार झालेला साका (गाळ) खाली बसला की पुन्हा एकदा हलवा. गळ्याभोवती पाणी भरून अंधारात ठेवा.

२ मायक्रोमोलला साका जवळजवळ पांढराच राहायला हवा. जोडीतली एक पांढरी आणि दुसरी बदामी दिसली, तर टायट्रेशनआधीच कळते की हवा कुठे गेली.

खाजण
ब्लँक (नमुन्यातला ऑक्सिजन न मोजता फक्त रिएजंटची चूक काढणारे टायट्रेशन) काढला आहे, पण रिएजंटमधल्या ऑक्सिजनची दुरुस्ती केलेली नाही. ब्लँकमध्ये ती येत नाही का?

भरतीरेषा
नाही. ब्लँकमध्ये आम्ल आधी घालतात, त्यामुळे साका होत नाही आणि रिएजंटमधला ऑक्सिजन पकडलाच जात नाही. ब्लँक फक्त रिएजंटमधली इतर ऑक्सिडायझिंग किंवा रिड्यूसिंग अशुद्धी आणि अंतिम बिंदूची चूक दाखवतो. पोटॅशियम आयोडेटचे १ मिली टायट्रेट करा, त्याच फ्लास्कमध्ये आणखी १ मिली घालून पुन्हा करा. पहिल्यातून दुसरे वजा केले की ब्लँक. ०.०१ नॉर्मल आयोडेटसाठी वाळवलेले ०.३५६७ ग्रॅम एका लिटरला.

आकारमानातून दोन रिएजंटचे २ मिली वगळले आहेत ना, तेही बघा.

शिंपला
अझाइड घालणार असाल तर लिटरला साधारण १० ग्रॅम सोडियम अझाइड, आणि मग ब्लँक नव्याने. ते अतिशय विषारी आहे. आम्ल घातल्यावर हायड्रॅझोइक आम्लाची वाफ सुटते, म्हणून हे काम फ्यूम हूडमध्येच करा. उरलेले सिंकमध्ये ओतू नका; तांबे किंवा शिशाच्या नळात स्फोटक अझाइड तयार होतात. वेगळ्या कॅनमध्ये साठवून त्यावर नाव लिहा.

जुन्या खोल नमुन्यांना रिएजंटची ०.६ ची दुरुस्ती लावा आणि ज्या जोड्यांत १ पेक्षा जास्त फरक आहे त्यांना संशयास्पद खूण करा. सेन्सरच्या कॅलिब्रेशनमध्ये त्या घेऊ नका. प्रबंधात ५ च्या खालच्या आकड्यांशेजारी अनिश्चितता लिहा. सेन्सरचा २ हाही शून्य-बिंदू (ऑक्सिजन नसलेल्या पाण्यात तो काय दाखवतो ते) तपासल्याशिवाय खरा धरू नका.