मेंटल हेल्थ कोच लावावा का? सोलापुरात कुणाला अनुभव?

टॉवेलवाला_पूर्वभाग
नमस्कार मंडळी, धाकट्या भावाबद्दल विचारायचंय. पुण्यात आयटीत होता, दिवाळीला आला तो परत गेलाच नाही, लॅपटॉप उघडत नाही, रात्री तीनपर्यंत जागा, दुपारी कारखान्यात येऊन नुसता बसतो. मागावरचे लोक तेलुगूत चेष्टा करायचे तर हा पण तेलुगूतच भांडायचा, आता हू का चू नाही. आई म्हणते सिद्धेश्वराला अभिषेक घालू, पप्पा म्हणतात लग्न लावून द्या.
मित्राने एक मेंटल हेल्थ कोच सुचवलाय, विजापूर रोडला बसतो. आधी बँकेत होता म्हणे, स्वतः डिप्रेशनमधून गेला, मग कोर्स करून कोच झाला. पहिलं बोलणं फुकट, पुढे पॅकेज. सायकॅट्रिस्ट म्हटलं की भाऊ दार लावून घेतो, याच्याकडे जायला मात्र तयार आहे. डॉक्टर नाही तर हा माणूस नक्की करतो काय?

गड्डा_यात्रेकरू
पॅकेजचे पैसे आधी भरू नका एवढंच सांगतो. आजकाल शनिवार-रविवारचा कोर्स केला की झाला कोच, लायसन लागत नाही काही नाही. स्वतःची दुःखं सांगून फी घ्यायची असली तर आमच्या कट्ट्यावर निम्मे कोच आहेत.

जुळे_सोलापूरकरीण
मी हेच काम करते म्हणून लिहिते, जाहिरात नाही. माझं एम.ए. मानसशास्त्रात, बरीच वर्षं शाळेत समुपदेशक होते, कोचिंगचं ट्रेनिंग नंतर केलं. वरचे दादा म्हणतात ते खरंय, कोच म्हणवून घ्यायला आपल्याकडे सरकारी नोंदणी लागत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला आरसीआयची, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया या सरकारी संस्थेची, नोंदणी लागते, तो नंबर बिनधास्त मागायचा, पण गोळ्या तोही देत नाही, त्या सायकॅट्रिस्टच देणार. कोचसाठी इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन आहे, तिची पहिली पायरी एसीसी, त्याला किमान 60 तास ट्रेनिंग आणि 100 तास प्रत्यक्ष कोचिंग लागतं. तेही कोचिंगचंच, आजार ओळखायचं शिक्षण त्यात येत नाही.

स्वतः त्यातून गेलेल्या माणसासमोर पेशंट लवकर मोकळा होतो, तुमचा भाऊ त्यामुळेच तयार झाला असेल, ते वाया घालवू नका. पण पहिल्या भेटीत तो कोच स्वतःची स्टोरी किती वेळ सांगतो ते बघा. मला जे लागू पडलं ते सगळ्यांना पडतं असं म्हणायला लागला तर उठून या.

माझी पद्धत सांगते. झोप, भूक, दारू, चालू गोळ्या आणि जगू नये असं वाटतं का, हे सगळं पहिल्याच दिवशी सरळ विचारते. विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो असं लोकांना वाटतं, तसं होत नाही. मग एक साधी वही, तासातासाला काय केलं आणि मन कसं होतं, दहापैकी मार्क. आठवड्याने वही उघडली की समजा दिसतं, दुपारी बाराला उठला त्या दिवशी सगळीकडे दोन-दोन, आणि आईने ओरडून दूध आणायला पाठवलं त्या दिवशी मधेच एक पाच. मग पुढच्या आठवड्याला एवढंच, सातला उठायचं आणि दूध आणायचं, वाटो न वाटो. हालचाल आधी, मूड मागून येतो. बिहेवियरल ॲक्टिव्हेशन म्हणतात याला, डिप्रेशनच्या उपचारातलंच आहे, आम्हा कोचांचा शोध नाही.

त्या कोचला फोन करून एकच विचारा, तुम्ही कुठल्या माणसाला घेत नाही आणि त्याला कुणाकडे पाठवता? उत्तर चाचरत आलं तर जाऊच नका. झोप आणि रस दोन आठवड्यांच्या वर गेलेला असला की मी आधी डॉक्टरला दाखवून या म्हणते, आणि तुमचा भाऊ तर दिवाळीपासून असाय.

शेंगाचटणी_कडकभाकरी
सिव्हिलला मानसोपचारची ओपीडी आहे की ओ. चुलत बहिणीला नेलेलं, डॉक्टरनी आधी थायरॉइड आणि बी12 करायला लावलं, थायरॉइड कमी असला तरी माणूस असाच सुस्त पडतो म्हणे. तिचं नॉर्मल आलं, मग गोळी चालू केली. पहिले दोन-तीन आठवडे काहीच फरक नाही, घरचे म्हणायलेत बंद कर, पण वेळ लागतो आणि मनानं बंद करू नका हे डॉक्टरनी आधीच बजावलेलं म्हणून टिकली. नंतर गोळी चालू ठेवूनच एका कोचकडे पण जायची, दोन्ही चालतंय.
भाऊ हललाच नाही तर तुम्हीच 14416 लावा, टेली मानस, सरकारी आहे, 24 तास, फुकट, मराठीत बोलतात, घरच्यांनी लावला तरी चालतंय. कधी मरायची भाषा केली तर त्याला एकट्याला सोडू नका, तसाच घेऊन दवाखान्यात जावा. आणि लग्नाचं पप्पांना थांबवा राव, त्या पोरीनं काय केलंय?

टॉवेलवाला_पूर्वभाग
लावला त्या कोचला फोन. बँकेची स्टोरी दहा मिनिटं ऐकवलीच, पण तो प्रश्न विचारल्यावर लगेच म्हणाला आधी डॉक्टरला दाखवा, गोळ्या लागल्या तर घेऊ द्या, त्यानंतर माझ्याकडे या, पॅकेज नको, भेटीला तेवढे पैसे द्या. भावाशी पण बोलला, काय बोलला माहीत नाही, पण सोमवारी सिव्हिलला येतो म्हणालाय. थायरॉइडला उपाशी न्यावं लागतं का?

शेंगाचटणी_कडकभाकरी
थायरॉइडला उपाशी लागतंच असं नाही. केसपेपरच्या लाइनीत तुम्ही थांबा, त्याला बाहेर चहा पाजा, गर्दी बघून माघारी फिरायला नको.