न वापरलेल्या क्रेडिट कार्डाची थकबाकी काढलीय, तक्रार कुठं करावी?

परभणीचा_पोरगा
बाबा रिटायर शिक्षक. बँकेत पासबुक भरायला गेले तर तिथल्या पोरानं "सर, लाइफटाइम फ्री आहे" म्हणून फॉर्मवर सही घेतली. कार्ड आलं ते पाकिटासकट कपाटात, पिनसुद्धा टाकला नाही. आता वर्षाची फी, त्यावर लेट फी, व्याज, वरून जीएसटी असं बिल यायलंय आणि वसुलीवाले रात्री फोन करायलेत. कस्टमर केअरवाले म्हणतात आधी भरा मग बंद करू. त्यात बाबांच्या नावावर ट्रॅक्टरचं लोन करायला गेलो तर सिबिल खराब. सरळ ग्राहक कोर्टात जावं का?

लातूरकर
फोनवर भांडू नका, काहीच हाती लागत नाही. रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत, कार्ड दिल्यापासून ३० दिवसांत चालू केलं नाही तर कंपनीनं ओटीपीनं संमती घ्यायची, नाही मिळाली तर ७ कामाच्या दिवसांत खातं फुकटात बंद करायचं. आणि चालू न झालेल्या नव्या कार्डाची माहिती सिबिलला पाठवायचीच नसते. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा, "कार्ड चालू केलेलं नाही, संमतीचा पुरावा दाखवा, सगळे चार्जेस मागे घ्या, सिबिलची नोंद काढा" इतकंच स्पष्ट लिहा आणि तक्रार नंबर जपून ठेवा. म्हाताऱ्या माणसाला असं छळायलेत, लई संताप येतो.

नांदेड_०२४६२
कोर्टाची घाई नको. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं सीएमएस पोर्टलवर (रिझर्व्ह बँकेची तक्रारीची वेबसाइट) तक्रार टाका, पैसे लागत नाहीत, अडलं तर १४४४८ ला फोन करून विचारा. ग्राहक आयोगात, म्हणजे ग्राहक कोर्टात, केस आधीच चालू असली तर लोकपाल तीच तक्रार घेत नाही, म्हणून हा क्रम. तिथं न्याय नाही मिळाला तर परभणीच्याच जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, ५ लाखांपर्यंत फी नाही, वकीलही लागत नाही, फक्त २ वर्षांची मुदत सांभाळा.

परभणीचा_पोरगा
लई उपकार. पाकीट अजून फोडलेलंच नाही, पुरावा म्हणून चालंल का? आणि रात्रीच्या फोनचं?

लातूरकर
चालंल की! फोडू नका, दोन्ही बाजूंनी फोटो काढा. वसुलीवाल्यांना सकाळी ८ च्या आधी, संध्याकाळी ७ नंतर फोन करायला मनाई आहे, कॉल लॉगचे स्क्रीनशॉट मेलला जोडा. आणि मेल बाबांच्याच आयडीवरून जाऊ द्या, नाहीतर तुम्ही कार्डधारक नाही म्हणून टाळतील.