मदत हवी आहे: मला दिसला तो ४० एरिडॅनी बी-च ना?

व्याधाचा श्वेतबटू (जळण संपलेल्या ताऱ्याचा उरलेला लहान, घट्ट गाभा) जोडीदार शोधायचे बरेच प्रयत्न केले, पण व्याधाच्या झगमगाटात तो दरवेळी बुडून जातो. म्हणून या खेपेला त्यातल्या त्यात सोपा श्वेतबटू धरला: ४० एरिडॅनी या ए, बी, सी अशा तीन ताऱ्यांच्या गटातला बी, अंतर साधारण १६ प्रकाशवर्षं. दुर्बीण ८ इंची डॉब्सोनियन (साध्या बैठकीवर हाताने फिरवायची आरशाची दुर्बीण), मोटर नाही.

मृगातल्या रिगेलपासून पश्चिमेला जवळजवळ सरळ १५ अंश गेलो की नारिंगी ए (प्रत, म्हणजे तेजस्विता, ४.४; आकडा जितका मोठा तितका तारा मंद) सापडतो. ४८ पट वर्धनात त्याच्या शेजारी एक बारीक पांढरा ठिपका दिसला. बी-ची प्रत ९.५ आणि ए-पासूनचं अंतर ८३ विकलांच्या (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) आसपास, म्हणजे जुळतंय. तरी खात्री हवी म्हणून दुर्बीण हलवली नाही, तारे आपोआप सरकू दिले. आधी ए कडेला जाऊन नाहीसा झाला, ठिपका मागून गेला. स्टॉपवॉचवर चार वेळा मोजलं, दर वेळी पाच ते सहा सेकंद. बी ए-च्या पूर्वेला, किंचित दक्षिणेकडे आहे, तेव्हा हिशेबाने साडेपाचच्या आसपास यायला हवेत. एवढा पुरावा पुरेसा मानायचा का?

अडलंय ते सी-पाशी. तो लाल खुजा (लहान, थंड, मंद तारा), प्रत ११ च्या थोडी पुढे, बी-पासून जेमतेम आठ-नऊ विकला. १२० पट वर्धनातही मला एकच ठिपका दिसतो. त्या रात्री अर्धा चंद्र होता. दोष चंद्राचा, की वर्धन आणखी वाढवायला हवं? ए-ला दृष्टिक्षेत्राबाहेर ठेवून कुणी पाहिलंय का?

दुसरं रंगाचं. बी-चं तापमान १७,००० केल्विनच्या घरात, रिगेलपेक्षाही जास्त. पण रिगेल निळसर दिसतो आणि हा मात्र खडूसारखा, मळकट पांढरा. इतक्या मंद प्रकाशात डोळ्याला रंग कळत नाही म्हणून, की शेजारच्या नारिंगीमुळे? तुम्हाला कसा दिसला ते जरूर लिहा.

खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शलने बी आणि सी ही जोडी १७८३ मध्येच नोंदवली होती. पण तारा इतका मंद असून वर्णपट मात्र पांढऱ्या, तप्त ताऱ्याचा, हे १९१० मध्ये हार्वर्ड वेधशाळेच्या विल्यमिना फ्लेमिंग यांच्याकडून कळलं तेव्हा खगोलशास्त्रज्ञ हेन्री नॉरिस रसेलही चक्रावले होते. सूर्याच्या निम्म्याहून जास्त वस्तुमान, आणि व्यास पृथ्वीच्या जेमतेम दीडपट! ते खरंच माझ्या डोळ्यात शिरलं असेल, तर मला ते पक्कं माहीत हवंय. चंद्र मावळल्यावर पुन्हा बघणार आहे, त्याआधी सुचवा.