रान विकत घ्यायचं आणि हात लावायचा नाही, मग उद्यान कसलं?

आडवाट
शहराने करदात्यांच्या पैशातून गवताळ रान, तळं, जुनी झाडं असलेली जमीन उद्यानासाठी घ्यायची, पण खरेदीखतातच अट : इमारत नाही, दिवे नाहीत, पक्के रस्ते नाहीत, आणि हे सगळं कायमचं. अशी अट शहराने मान्य करावी का? माझं मत : डोळे झाकून करावी. बांधकामाचा हक्क गेला की जमिनीचा भाव उतरतो. जे आपल्याला तिथे करायचंच नाही, त्याचे पैसे कशाला मोजायचे?

हिशेबी
असहमत. आणि डोळे झाकून सही तर कशावरच करू नये. 'कायमचं' हा शब्द आज सही करणारे लिहितात आणि तो बांधतो न जन्मलेल्यांना. दुसरं, पैसे सगळ्यांचे आणि फिरणार कोण? ज्यांचे गुडघे शाबूत आहेत ते. चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला फाटकाबाहेरून पक्ष्यांचे आवाज ऐकवणार का?

आडवाट
खुर्चीचा मुद्दा मान्य. पण एकदा पायवाटेवरचं डबकं बघा. पहिला माणूस बूट वाचवायला कडेच्या गवतातून जातो. दुसरा त्याच्या पावलावर. गवत मरतं, तिथेही चिखल होतो, मग तिसरा आणखी बाहेरून. दोन फुटांची वाट बघता बघता बैलगाडी जाईल एवढी होते. यात कुणीच वाईट वागलेलं नसतं! दिव्यांचंही तेच. एक खांब लावला की रात्रभर किडे त्याच्याभोवती घिरट्या घालतात, आणि ज्या फुलांवर जायचं ती फुलं तशीच राहतात.

खोडकिडा
दोघांसाठी लंडनजवळच्या एपिंगच्या जंगलाची गोष्ट. सिटी ऑफ लंडन कॉर्पोरेशनकडे, म्हणजे लंडनच्या जुन्या मध्यभागाच्या पालिकेकडे, हे हद्दीबाहेरचं जंगल १८७८ च्या कायद्याने आलं. अटी दोन : लोकांना खुलं ठेवायचं आणि नैसर्गिक रूप जपायचं. तिथले गावकरी पिढ्यानपिढ्या हॉर्नबीम नावाच्या झाडांच्या फांद्या गुरांचं तोंड पोचणार नाही एवढ्या उंचीवर छाटून सरपणाला नेत. कायद्याने ती छाटणी थांबली. झालं काय, तर झाडांचे शेंडे दाटले, खाली ऊन पोचेना आणि सावलीत टिकत नाहीत त्या वनस्पती मागे हटल्या. 'नैसर्गिक' म्हणून जे जपायला गेले, ते कुऱ्हाडीनेच घडवलेलं होतं.

हिशेबी
बघा! आणि त्या गावकऱ्यांना काय मिळालं?

खोडकिडा
हक्काच्या भरपाईतून लाउटन गावात एक सभागृह. नावही 'लॉपिंग हॉल', म्हणजे छाटणीचंच.

हिशेबी
थंडीत सरपणाऐवजी सभागृह. वा.

आडवाट
गोष्ट तिथेच संपवू नका. १९८० च्या दशकात लंडनभोवतीचा एम-२५ महामार्ग त्याच जंगलाच्या कडेशी आला, तेव्हा तिथे तो बोगद्यात घालावा लागला. तिथल्या बेल कॉमन या जागी वर क्रिकेटचं मैदान आहे आणि खालून गाड्या जातात. शंभर वर्षांपूर्वीचा कागद नसता तर जंगलातून सरळ डांबर पडलं असतं.

तिसरा पक्ष
तुम्ही अट काय असावी यावर भांडताय. ती राखणार कोण? जमीन शहराची आणि अट पाळायला लावण्याचा हक्कही शहराचाच असेल, तर त्या अटीला अर्थ उरत नाही. कुलूप आणि किल्ली एकाच खिशात. अमेरिकेतल्या कायद्याच्या जुन्या तत्त्वाप्रमाणे तर दोन्ही हक्क एका हाती आले की बंधन विरूनच जातं. म्हणून तिथे असा हक्क बऱ्याचदा वेगळ्या भूमी न्यासाकडे, म्हणजे जमिनी जपणाऱ्या संस्थेकडे, ठेवतात. न्यासाचा माणूस सुरुवातीला फोटो-नकाशांसह जमिनीची नोंद करतो, मग वर्षातून एकदा येऊन पडताळतो. नोंदच नसेल तर दहा वर्षांनी 'ही टपरी आधीपासून होती' म्हणायला कोणीही मोकळा.
आणि खोडकिड्यांच्या मुद्द्यावर : छाटणी, तण काढणं, गरज पडली तर चराई, हे करारातच 'करता येईल' म्हणून लिहावं. नाहीतर उद्या परक्या झुडपाला हात लावायलाही न्यायालयात जावं लागेल.

हिशेबी
राखणदार बाहेरचा असेल तर माझा निम्मा विरोध गेला. उरलेला निम्मा चाकाच्या खुर्चीचा. कडक मुरमाची एक वाट करारात लिहा, मी सही करतो.

आडवाट
तळ्यापर्यंत की तळ्याभोवती?

हिशेबी
तळ्यापर्यंत. 'भोवती' लिहिलंत की उद्या बाकडी येतील आणि परवा कारंजं.