इपॉक्सीच्या आधी ओल तपासावी

गॅरेजच्या कोब्यावर इपॉक्सीचा (राळ व तिला घट्ट करणारे द्रव्य मिसळून होणारा टणक) लेप द्यावा, असे सुचवले जाते आणि त्याच्याशी मी सहमत आहे. मात्र वडोदऱ्यात, विशेषतः विश्वामित्री नदीलगतच्या सखल वस्त्यांत, लेपाच्या निवडीआधी जमिनीतून वर येणाऱ्या ओलीचा विचार व्हायला हवा. त्यासाठी दीड फूट लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही कडांना चिकटपट्टी लावून कोब्यावर किमान १६ तास बसवून ठेवावा. त्याखाली पाण्याचे थेंब जमले किंवा काँक्रीट काळपट दिसू लागले, तर कितीही महाग लेप दिला तरी तो खालच्या बाष्पामुळे फुगून सुटण्याची शक्यता असते. ही तपासणी पावसाळ्यात किंवा तो सरताच करावी, कारण मे महिन्यातला कोरडेपणा फसवा असतो. लेप नीट धरावा म्हणून कोबा आधी आम्लाने धुण्याची पद्धत स्वस्त आहे खरी, पण इंजिनचे तेल मुरलेल्या जागी आम्लाचा परिणाम होत नाही, त्यामुळे तेल काढून पृष्ठभाग यंत्राने घासून घेणे मला अधिक योग्य वाटते. कोबा नवा असल्यास २८ दिवस थांबावे. दारातून ऊन आत येत असेल, तर इपॉक्सी पिवळे पडते. तेथे वरचा थर अ‍ॅलिफॅटिक पॉलियुरेथेन या उन्हात पिवळ्या न पडणाऱ्या लेपाचा द्यावा.